मासे ॲडजस्ट करत नाहीत

"काय होत नाही ताई, आठ दिवसांत सवय होते त्यांना," दुकानदार म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. २ फुटांच्या टाकीसाठी मी रंग बघून मासे निवडले: ६ गप्पी, ४ टायगर बार्ब, २ गोल्डफिश आणि काच साफ करायला १ सकर. घरी आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "बघा, किती गुण्यागोविंदाने राहतायत!" पंधरा दिवसांत गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायला लागल्या. महिना संपेपर्यंत एकच गप्पी उरला, तोही फिल्टरच्या मागे लपलेला.

दोन नर फायटर एकत्र ठेवायचे नाहीत, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. आपलं ज्ञान तिथेच संपतं. बाकीचे मासे म्हणजे शोभेच्या वस्तू, कुठल्याही कुणाशीही चालतात, असं आपण धरून चालतो.

पण टायगर बार्बला लांब, झुलत्या शेपटीला चावायची खोड असते. आठ-दहांचा थवा असला तर तो बराचसा आपापसातच पाठलाग करतो. चारच असले तर शेजाऱ्यांच्या मागे लागतो. गोल्डफिश थंड पाण्यातला, घाण भरपूर करणारा. गप्पीला त्यापेक्षा उबदार पाणी लागतं. आणि बोटाएवढा म्हणून घेतलेला साधा सकर एक फुटाच्या वर वाढतो. २ फुटांच्या टाकीत त्याने वळायचं कसं? थोडक्यात, माझ्या टाकीत एकाचंही दुसऱ्याशी जमण्यासारखं नव्हतं. दुकानदार एक वाक्य चुकीचं बोलला हे खरं, पण मीही एक प्रश्न विचारला नव्हता.

कुणी म्हणेल, वीस-तीस रुपयांच्या माशाचं एवढं काय? मला उलट वाटतं. नदीतल्या माशाला नको असलेल्या शेजाऱ्यापासून लांब पळता येतं. काचेच्या पेटीत ती वाट आपण बंद केलेली असते. बायबलमध्ये माणसाला माशांवर अधिकार दिल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्याच्यावर अधिकार, त्याची काळजीही आपल्याच गळ्यात, हे सोयीने विसरतो.

आणि त्या 'गुण्यागोविंदाने'चं काय? आमच्या बेळगावात तीन-चार भाषा एकाच गल्लीत नांदतात, म्हणून असली उपमा आम्हाला पटकन सुचते. पण माणसं भांडतात, बोलतात, समजूत काढतात, नाहीच जमलं तर घर बदलतात. मासा ओरडत नाही. त्याचं गप्प राहणं आपण शांतता समजतो. म्हणून फिश टँकला एकोप्याचं चित्र म्हणणं मला आता खोटं वाटतं.

टाकी ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. फक्त क्रम बदला. आधी एक जात ठरवा, मग तिला साजेसे सोबती शोधा. पाणी जड की हलकं, ते बघा: गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, निऑन टेट्राला मऊ. दुकानातला आकार बघू नका, पूर्ण वाढ विचारा. आज शांत दिसणारा एंजल मोठा झाला की छोटे निऑन गिळतो. थव्यात राहणारा मासा निदान सहा तरी घ्या. आणि नवी टाकी चार-सहा आठवडे तयार होऊ द्या, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढतात.

माझ्या टाकीत आता फक्त गप्पी आणि प्लॅटी आहेत. बार्ब आणि गोल्डफिश मोठी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडे गेले, सकरही तिथेच. पाहुणे म्हणतात, "पूर्वी जास्त रंगीत होती." होती खरी. पण आता शेपट्या पूर्ण आहेत.