'बेस्ट बेबी'च्या रांगेत मुलगी कितवी?

मागच्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजच्या डिबेटमध्ये विषय आला, 'होणाऱ्या बाळाचे गुण निवडण्याचा हक्क आई-वडिलांना असावा का?' चिठ्ठीत माझ्या वाट्याला 'असावा' ही बाजू आली. खरं सांगते, मला ती पटलीही होती. मोबाइल घेताना आपण कॅमेरा, बॅटरी, रॅम असं सगळं दहा वेळा बघतो. मग ज्याच्यासोबत आख्खं आयुष्य काढायचं, त्या बाळाच्या बाबतीतच 'जे येईल ते आपलं' का? असा सगळा माझा सूर. टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीसही मिळालं.

सुट्टीत साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा आजीला सर्टिफिकेट दाखवलं. विषय काय होता तेही समजावून सांगितलं. आजी तांदूळ निवडत बसली होती. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यात पोरगी कितव्या नंबरावर येती गं?"

डिबेटमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. परीक्षकांनीही नाही. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू. आयव्हीएफमध्ये एकाच वेळी अनेक भ्रूण तयार होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातल्या काही पेशी काढून त्यांची जनुकीय तपासणी करता येते. एखादा गंभीर आनुवंशिक आजार टाळायला ही तपासणी जगभरात वापरली जाते. आता अमेरिकेतल्या काही कंपन्या त्याच्या पुढे गेल्यात. हजारो जनुकीय बदलांची बेरीज करून त्या प्रत्येक भ्रूणाला 'स्कोअर' देतात. मधुमेहाची शक्यता किती, उंची किती, अगदी बुद्ध्यांकसुद्धा. पालकांनी मार्कलिस्ट बघायची आणि भ्रूण निवडायचा.

ही झाली निवड. जनुकांमध्ये थेट काटछाट करणं हा वेगळा प्रकार. चीनच्या हे जियानक्वी या शास्त्रज्ञाने तो करून दाखवला. त्याने जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झालं आणि जगभर खळबळ उडाली. एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं हा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यावर सगळ्यांनी टीका केली, पण निवडीच्या धंद्यावर तेवढी चर्चा होत नाही. तो गुपचूप वाढतोय.

आता पहिला प्रश्न. हे चालतं तरी का? 2019 मध्ये 'सेल' या नियतकालिकात जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. दहा भ्रूणांमधून सगळ्यात जास्त स्कोअरवाला निवडला, तर सरासरीपेक्षा फायदा किती? उंचीत साधारण अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण. तोही फक्त अंदाज. याच अभ्यासात त्यांनी खूप भावंडं असलेली 28 कुटुंबं तपासली. स्कोअरमध्ये पहिलं आलेलं भावंडच प्रत्यक्षात सगळ्यात उंच निघालं, असं फक्त 7 घरांत झालं. म्हणजे लाखो रुपये मोजायचे आणि हाती काय? चांगल्या स्पोर्ट्स शूजच्या टाचेएवढी 'शक्यता'.

त्यात आपल्यासाठी आणखी एक गोम आहे. हे स्कोअर ज्या माहितीवर बेतलेले असतात, ती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची. इतरांवर ते स्कोअर आणखी ढिले पडतात. आणि जनुकं काही एकेका कामाची वेगळी बटणं नसतात. शिक्षणात पुढे जाण्याशी ज्या बदलांचा संबंध दिसतो, त्यातल्या काहींचा ऑटिझम आणि बायपोलरशीही संबंध दिसतो. एक हवं ते घ्यायला जावं, तर सोबत काय येईल याची खात्री कुणी देत नाही.

समजा, उद्या हे तंत्र सुधारलं. सुधारेलही. तेव्हा आजीचा प्रश्न खरा सुरू होतो.

कारण आपल्याकडे हा सिनेमा एकदा लागून गेलाय. गर्भजल तपासणी सत्तरच्या दशकात भारतात आली ती गर्भातला दोष शोधण्यासाठी. हेतू चांगलाच होता. पण त्याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळत होतं. काही वर्षांतच मुंबईसारख्या शहरात त्यासाठी दवाखाने उघडले. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. त्याविरुद्ध महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः स्त्री संघटनांनी रान उठवलं, म्हणून 1988 मध्ये आपल्या राज्यात गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा झाला. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये.

तरीही काय झालं? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 807. आमच्या साताऱ्यात 2011 मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन 285 मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव 'नकुशी' होतं. म्हणजे नको असलेली. आजीला हे कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतही एक नकुशी होती.

आणि यातल्या प्रत्येक घराने 'आपला चॉइस' म्हणूनच तो निर्णय घेतला होता, हे लक्षात घ्या. कुणी सरकारी फतवा काढला नव्हता. डिबेटमध्ये मी 'चॉइस' हा शब्द किमान वीस वेळा वापरला असेल. पण चॉइस हवेत ठरत नाही. लग्नाच्या बायोडेटात आजही 'गोरी, उंच, सडपातळ' लिहिलं जातं. गरोदर बाईला केशराचं दूध दिलं जातं, ते बाळ गोरं व्हावं म्हणून. केशराने काही होत नाही, हे एका अर्थी आपलं नशीबच. उद्या खरोखर रंग निवडता आला, तर माझ्यासारख्या सावळ्या मुली किती जन्माला येतील? मी सावळी, उंची पाच फूट, चष्म्याचा नंबर उणे पाच. मार्कलिस्ट लागली असती, तर मी पहिल्या यादीत नक्कीच नसते.

याचा अर्थ तपासणी सरसकट बंद करा, असं मी म्हणत नाहीये. इथे माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचं सांगायला हवं. तिच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. परीक्षा असो, दिवाळी असो, सुट्टी नाही. मी तिला माझं नवं मत ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "तुझं बरोबर असेल. पण माझ्या भावासारखा त्रास आणखी एका बाळाला होऊ नये म्हणून कुणी तपासणी केली, तर तू त्यांना शिकवायला जाऊ नकोस." थोडं थांबून पुढे म्हणाली, "आणि तो नसता तर बरं झालं असतं असं कुणी म्हणालं, तर त्यांचंही मी ऐकून घेणार नाही."

दोन्ही वाक्यं एकत्र पेलायला जड आहेत, पण मला दोन्ही पटतात. बाळाला वेदनेपासून वाचवणं वेगळं आणि शेजाऱ्यांच्या बाळापेक्षा सरस ठरवणं वेगळं. मधली रेघ नेहमीच ठळक असेल असं नाही. बहिरेपण आजार की वेगळेपण, यावर खुद्द कर्णबधिरांमध्येच मतभेद आहेत. पण रेघ पुसट आहे म्हणून ती ओढायचीच नाही, हे काही उत्तर होत नाही.

आपल्या कायद्याने ती ओढलीही आहे. 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. लिंग निवडीला बंदी आहे. उंची, रंग, बुद्धी यांना तिथे जागा नाही. मला ही रेघ योग्य वाटते. फक्त ती कागदावर राहू नये. 1988 नंतर काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

डिबेटमधला माझा सगळ्यात हिट मुद्दा होता, 'पालक तसेही क्लास लावतात, कोटाला पाठवतात, मग जनुकं निवडली तर काय बिघडलं?' आज त्याचं उत्तर मीच देते. क्लास सोडता येतो. बाबांशी भांडून सायन्सचं आर्ट्स करता येतं, मी केलंय. पण तुझ्या बुद्धीसाठी आम्ही लाखो रुपये मोजले होते, असं ऐकत मोठं झालेल्या मुलाने नापास व्हायचं तरी कसं? शिवाय हे परवडणार कुणाला? आयव्हीएफच्या एका सायकललाच लाखाच्या वर खर्च येतो. आज श्रीमंतांच्या मुलांकडे चांगली शाळा आहे. उद्या 'आम्ही जन्मतःच सरस' हा कागदही त्यांच्याकडे असेल. तो कागद खोटा असला, तरी मिरवला जाईलच.

मग आपण विशीतल्यांनी करायचं काय? एक साधी गोष्ट आहे. आई-वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. आपण वाहक आहोत का, हे एका रक्त तपासणीत कळतं. लग्न ठरवताना पत्रिका बघणारे आपण ही तपासणी मात्र बघत नाही. मी करून घेतली. मैत्रिणीनेच नेलं होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी आजीला फोन केला. सगळं नॉर्मल आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "आणि त्या डिबेटचं?" म्हटलं, आजी, पुढच्या वेळी चिठ्ठी कुठलीही येऊ दे, मी दुसऱ्या बाजूने बोलणार. ती हसली आणि म्हणाली, "बोल, पण बक्षीस पयलं आण."