खडूच्या टेकड्यांवरील सायकलवाटा

सायकल आपणांपैकी बहुतेकांच्या घरी असते किंवा केव्हातरी होती. शाळेस, कामावर वा बाजारास जावयाचे तिचे काम. त्यामुळे डांबरी सडक समोर असता ती मुद्दाम टाकून, शेतांच्या कडेने, रानातून आणि टेकड्यांच्या माथ्यावरून सायकल हाकीत दोन-दोन, चार-चार दिवस हिंडणारे लोक पाहिले, तर आपणांस नवल वाटेल. इंग्लंडमध्ये अशांचा एक मोठा वर्ग आहे. ह्या वेळी त्यांच्या वाटांची, आणि त्याहूनही त्या वाटांवरील हक्काची, ओळख करून घ्यावयाची आहे.

ह्या प्रकारास आज ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. हे नाव अमेरिकेतून आले. तेथील कॅन्सससारख्या राज्यांत मैलोगणती खडीचे रस्ते आहेत आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांवरील लांब पल्ल्याच्या शर्यती लोकप्रिय झाल्या. अशा सायकलीची मूठ शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वाकलेली असते. परंतु टायर चांगले चाळीस मिलिमीटरांच्या आसपास रुंद असतात आणि चढणीसाठी हलके गिअर असतात. नाव नवे असले तरी छंद मात्र जुना आहे. खडबडीत वाटांवर सायकली नेणाऱ्या हौशी मंडळींनी १९५५ सालीच लेमिन्स्टर ह्या गावी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संस्था स्थापन केली होती. त्या वेळी त्यांच्याजवळ साध्याच सायकली होत्या.

दक्षिण इंग्लंडमधील टेकड्यांना ‘डाउन्स’ म्हणतात. इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास हा शब्द चकवितो, कारण डाउन म्हणजे खाली आणि ह्या तर टेकड्या! खरे पाहता तो टेकडी ह्या अर्थाच्या एका प्राचीन इंग्रजी शब्दापासून आला आहे. ह्या टेकड्या खडूच्या आहेत. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून झालेल्या मऊ, पांढऱ्या दगडाच्या. उंची म्हणाल तर बेताचीच. साउथ डाउन्समधील बट्सर हिल ही मोठी टेकडी, पण तीही सुमारे २७० मीटरच. तथापि चढ संपतो न संपतो तोच उतार, आणि उतार संपताच पुन्हा चढ, असा हा प्रदेश आहे. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंतच्या १६० किलोमीटरांच्या ‘साउथ डाउन्स वे’वर असे लहानसहान चढ मिळून साडेतीन हजार मीटरांहून अधिक चढण होते. सह्याद्रीतला एखादा घाट एकदा चढून मोकळे होता येते. येथे मात्र दिवसभर हप्त्याहप्त्याने चढावे लागते.

खडूचा दगड पाणी धरून ठेवीत नाही. पाऊस मुरतो, माथा लवकर कोरडा होतो आणि खालच्या खोऱ्यांत मात्र चिकणमातीचा चिखल राहतो. म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी माथ्यावरूनच वाटा पाडल्या. परंतु ज्या गुणामुळे वाट कोरडी, त्याच गुणामुळे ती निर्जलही आहे. मुरलेले पाणी टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि गावे तेथेच वसलेली आहेत. सायकलस्वाराने पाणी बरोबर घेतले नाही, तर त्यास खाली गावात उतरून पुन्हा तेवढे चढावे लागते. दुसरी अडचण चकमकीच्या दगडांची. खडूच्या पोटात ते जागोजागी असतात आणि फुटले म्हणजे त्यांची धार टायर कापते. भिजलेला खडू तर साबणासारखा निसरडा! म्हणून जाणते लोक उन्हाळ्याच्या अखेरीस निघतात.

ह्या प्रदेशाचे उत्तम दर्शन घडविणारा मार्ग म्हणजे ‘किंग आल्फ्रेड्स वे’. १८७८ साली स्थापन झालेल्या आणि आज ‘सायकलिंग यूके’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तो २०२० मध्ये आखून दिला. सुमारे ३५० किलोमीटरांचे हे वर्तुळ विंचेस्टर येथे सुरू होते आणि तेथेच पुरे होते. नवव्या शतकातील राजा आल्फ्रेड ह्याची ती राजधानी. त्याचा पुतळा तेथे उभा आहे. वाटेत सॉल्झबरीच्या कॅथीड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा लागतो. पुढे स्टोनहेंजच्या शिळा, आणि मग ज्याच्या प्रचंड शिलावर्तुळाच्या आत आजही वस्ती आहे ते एव्हबरी. तेथून ‘रिजवे’ ह्या प्राचीन वाटेने पूर्वेस निघाले, की अफिंग्टनचा पांढरा घोडा येतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हिरवळ खरवडून व चरांत खडू ठासून काढलेली ही शंभर मीटरांहून लांब आकृती गवताने झाकली जाऊ नये, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती साफ करीत आले आहेत. पुढे थेम्स नदी, रेडिंग शहर आणि फार्नहॅम मागे टाकून साउथ डाउन्सवरून स्वार विंचेस्टरला परततो.

आता मुख्य प्रश्न. ही जमीन कोणाची? बहुतांशी खाजगी शेतकऱ्यांची व जमीनदारांची. मग परक्याने तिच्यातून जावे कसे? आपल्या भाषेतील ‘वहिवाट’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. जमीन धन्याची, परंतु जाण्याचा हक्क सर्वांचा, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात जुने आहे. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नोंद अधिकृत नकाशांवर करावयाचे ठरले. ह्या वाटांत मुख्य भेद असे : पायवाटेवर केवळ पायी चालणाऱ्यास हक्क, घोडवाटेवर पादचारी व घोडेस्वार ह्यांस, आणि गाडीवाटेवर गाड्यांसही. सायकल पायवाटेवर बसत नाही, आणि घोडवाटेवरही तिला हक्क नव्हता. तो १९६८ च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’ने दिला. मात्र सायकलस्वाराने पादचाऱ्यास व घोडेस्वारास वाट दिली पाहिजे, अशी अट घातली. आणि सायकलींच्या सोयीसाठी घोडवाट सुधारण्याचे बंधन कोणावरही नाही, हेही स्पष्ट केले. साउथ डाउन्स वे १९७२ मध्ये आणि रिजवे १९७३ मध्ये राष्ट्रीय मार्ग म्हणून खुले झाले. त्यांपैकी पहिल्यावरून सायकलने टोकापर्यंत जाता येते ते ह्या कायद्यामुळेच. रिजवेवर मात्र थेम्स ओलांडली, की बराच भाग पायवाटेचा असल्याने सायकलीस आडवाट शोधावी लागते. इंग्लंडमधील सुमारे १,८८,००० किलोमीटर सार्वजनिक वाटांपैकी शेकडा २२ च्या आसपासच सायकलींस मोकळ्या आहेत. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र २००३ च्या कायद्याने बहुतेक सर्व मोकळ्या भूमीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे.

नोंद न झालेल्या वाटांचे भवितव्य अधिकच नाजूक आहे. २००० सालच्या कायद्याने जुन्या वाटांची नोंद करण्यास १ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरविली. नंतरच्या जुन्या वाटांचा हक्क बुडाला असता. तेव्हा ‘रॅम्बलर्स’ ह्या पादचाऱ्यांच्या संस्थेने हजारो स्वयंसेवकांकडून जुने व नवे नकाशे ताडून पाहविले, आणि २०२० मध्ये इंग्लंड व वेल्स मिळून ४९,००० मैलांहून अधिक हरवलेल्या वाटा हुडकून काढल्या. पुढे मुदत २०३१ पर्यंत वाढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्दच करण्याचा मानस शासनाने जाहीर केला. महाराष्ट्रातील खेड्यांत पाणंद वा शिवरस्ता कोणी नांगरून टाकला म्हणजे काय अनर्थ होतो, आणि मामलेदाराच्या कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ह्या धडपडीचे मोल निराळे सांगावयास नको.

हक्क कागदावर मिळाला, तरी तो चालू राहतो परस्परांच्या सौजन्यावर. घोडा मागून येणाऱ्या सायकलीस बुजतो. म्हणून चांगला स्वार दुरूनच घंटा वाजवितो अथवा हाक देतो, वेग कमी करतो आणि घोडेस्वाराने खूण केल्यावरच पुढे जातो. शेताचे फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवणे, गुरांतून हळू जाणे, कचरा परत घेऊन येणे, हे तेथील अलिखित नव्हे, तर शासनाने छापून प्रसिद्ध केलेले नियम आहेत. वाट अरुंद. तीवर पादचारी, घोडा आणि सायकल असे तिघांचे हक्क. कायद्याने ठरवून दिले आहे : सायकलस्वाराने इतर दोघांस आधी वाट द्यावी. आपल्या गावच्या वाटेवरही हा नियम लागू करावयास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.