लाट नव्हे, उधाण

आपत्तीपटातला समुद्र ठरलेल्या रीतीने जमिनीवर येतो. आधी क्षितिजावर पाण्याची उभी भिंत दिसते. ती इमारतींहून उंच होते, पार्श्वसंगीत क्षणभर थांबते आणि पुढच्या क्षणी शहर वाहून जाते. प्रेक्षकाच्या मनात हे दृश्य इतके पक्के बसते की समुद्री आपत्ती म्हटले की तीच भिंत डोळ्यांपुढे येते. चित्रपटाने अतिशयोक्ती करावी यात गैर काही नाही. खरा धोका उद्भवतो तो त्या चित्राच्या भरवशावर वादळाची पूर्वसूचना वाचली जाते तेव्हा.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटरपर्यंत गेला होता आणि केंद्रातील हवेचा दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. अधिकृत नोंदीनुसार सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य जगतसिंहपूर जिल्ह्यातली होती, आणि त्यांचे प्राण प्रामुख्याने वाऱ्याने नव्हे, पाण्याने घेतले. एरसमा परिसरात समुद्र पाच-सहा मीटर चढून गावांत शिरला. वाचलेल्यांच्या कथनात उंच लाटांचा उल्लेख येतो. पण त्या आठवणींचा मोठा भाग असतो तो छपरावर किंवा झाडावर काढलेल्या तासांचा, न ओसरणाऱ्या पाण्याचा, मेलेल्या गुरांचा आणि नंतर पिण्याच्या पाण्यासाठी झालेल्या वणवणीचा. चित्रपटातील आपत्ती काही मिनिटांत आटोपते. एरसमाची आपत्ती काही वर्षे चालली.

हे पाणी येते कसे, हे भौतिकशास्त्राच्या दोन साध्या नियमांनी समजते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. १९९९ च्या वादळात दाब नेहमीपेक्षा सुमारे शंभर हेक्टोपास्कलने कमी होता. म्हणजे या कारणाने पाणी चढले जेमतेम एक मीटर. उरलेले चार-पाच मीटर वाऱ्याने ढकलून आणले. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेले पाणी खालून परत फिरते. किनाऱ्यालगतच्या उथळ, समुद्रबूड जमिनीवर त्याला परतायला जागा उरत नाही. ते साचते आणि चढते. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता आहे, म्हणून तिथे हे संकट अधिक भीषण होते. त्यात वेळ भरतीची असेल तर पातळी आणखी वाढते. म्हणजे ही एकटी लाट नव्हे. समुद्राची पातळीच वर उचलली जाते आणि लाटा तिच्यावर स्वार होऊन येतात. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते, हे ध्यानात घेतले तर गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला का पाडते ते कळते.

वादळाच्या ‘डोळ्या’विषयीही पडद्याने असाच गैरसमज पेरला आहे. ‘द डे आफ्टर टुमॉरो’ (२००४) या चित्रपटात वादळाच्या केंद्रातून अतिथंड हवा खाली येते आणि हेलिकॉप्टरांतील इंधन क्षणात गोठते. वास्तवात खाली उतरणारी कोरडी हवा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटरला सुमारे दहा अंश सेल्सिअसने. म्हणूनच उष्णकटिबंधीय चक्रीवादळाचे केंद्र भोवतालापेक्षा उबदार असते. त्या डोळ्याचा खरा धोका गारठ्यात नसून शांततेत आहे. वारा पडतो, आभाळ काहीसे उजळते, संकट टळले असे वाटून माणसे बाहेर पडतात. आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने परततो.

अशा वेळी शब्दही जीव वाचवतात किंवा घेतात. २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या ताक्लोबान शहरात हैयान वादळाच्या उधाणाने हजारो बळी घेतले. पूर्वसूचना दिली गेली होती. परंतु तिच्यातील तांत्रिक शब्दाचा अर्थ कळला नाही, ‘त्सुनामी’ म्हटले असते तर पळालो असतो, असे अनेक वाचलेल्यांनी नंतर सांगितले. मराठी बातम्यांतही ‘अमुक मीटर उंचीच्या लाटा’ असे सरसकट लिहिले जाते. भारतीय हवामान विभागाची सूचना मात्र बहुधा नेहमीच्या भरतीच्या पातळीहून पाणी किती वर चढेल, हे सांगत असते. दोन मीटरची लाट म्हटले तर किनाऱ्यावरचा माणूस हसेल. पावसाळ्यात तशा लाटा तो नेहमीच पाहतो. दोन मीटरचे उधाण म्हटले तर तो घराच्या जोत्याकडे पाहील. कोकणाला हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो बातमीत आणला पाहिजे.

याचा अर्थ आठवण नेहमी खरी आणि चित्रपट नेहमी खोटा, असा नव्हे. सौम्य वादळ अनुभवलेला माणूस पुढचे वादळही त्याच मापाने मोजतो. त्यामुळे आठवणीला व्यवस्थेचा आधार द्यावा लागतो, आणि ओडिशाने तो दिला. १९९९ नंतर तिथे राज्य आपत्ती प्राधिकरण उभे राहिले, किनाऱ्यावर निवारे बांधले गेले. २९ ऑक्टोबर हा दिवस आज आपत्तीसज्जतेचा दिवस म्हणून पाळला जातो. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख आणि २०१९ च्या फनीपूर्वी सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले. फायलिनमधील मृत्यू पन्नासहून कमी होते. फनीत ओडिशात ६४. वादळे दुबळी नव्हती. बदलली होती ती समाजाची तयारी.

पश्चिम किनाऱ्यावर तीव्र वादळे क्वचित येतात, म्हणून तिथे आठवण विरळ आहे आणि तिची जागा पडदा सहज बळकावतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकले. वारा काही तासांत ओसरला. पण आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या बागा पुन्हा फळाला यायला अनेक वर्षे लागतात. वाऱ्याबरोबर संपणाऱ्या चित्रपटात हा काळ दिसत नाही. हिमांशू खटुआ यांच्या ‘कथांतर’ या ओडिया चित्रपटाने मात्र महाचक्रीवादळानंतरच्या आयुष्याकडेच कॅमेरा वळवला. तसे चित्रपट अधिक निघायला हवेत.

तोवर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात पाणी कुठवर आले होते हे सांगणारी वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांना विचारून ती पातळी शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर तारखेसह रंगवून ठेवावी. पुढची पूर्वसूचना येईल तेव्हा गावकऱ्यांना पडद्यावरची भिंत आठवण्याऐवजी ती रेघ दिसेल, आणि तिच्याहून उंच जागा कोणती हेही कळेल.