बर्फातलं पिल्लू आणि बळीराजा

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटमध्ये शनिवारी रात्री चार-पाच मुलं टेबलाभोवती बसून वीस बाजूंचा फासा टाकत असतात. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाहून प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आधीपासून तो या देशात आहे. तरी त्याबद्दल आपण पालक दोनच प्रश्न विचारतो: "अभ्यास झाला का?" आणि "अजून किती वेळ?" माझं म्हणणं असं, की तिसराही विचारावा: "त्या पिल्लाचं तुम्ही काय केलंत?"

पिल्लू म्हणजे 'व्हाइट ड्रॅगन वर्मलिंग', बर्फात राहणाऱ्या पांढऱ्या ड्रॅगनचं पाच वर्षांच्या आतलं पोर. खेळातल्या प्राण्यांचा कोश म्हणजे 'मॉन्स्टर मॅन्युअल'. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत या पिल्लाची कुंडलीच दिली आहे. हिट पॉइंट्स ३२, बुद्धी ५. तोंडातून १५ फुटांपर्यंत असा गारठा सोडतं, की सरासरी २२ पॉइंट्सची इजा होते. नवखा खेळाडू त्यात आडवाच होतो. भाषा एकच, ड्रॅकॉनिक. बुद्धी पाच असूनही मातृभाषा येते, याची नोंद आपल्या घरातल्या काही जणांनी घ्यावी!

आणि याच कुंडलीत लिहिलंय: 'केऑटिक ईव्हिल'. बेबंद आणि दुष्ट. अजून त्यानं काही केलेलंही नाही. चंदेरी ड्रॅगनचं पिल्लूही तसाच गारठा सोडतं, पण त्याच्यापुढे मात्र 'लॉफुल गुड'. दोघांचा फुत्कार सारखाच, पण रंग बदलला की चारित्र्याचा दाखलाही बदलतो.

काही जण म्हणतील, अहो खेळ आहे तो, शत्रू नको का? हवाच. शत्रूशिवाय खेळात दम नाही. पण एखाद्याला त्याच्या कृत्यासाठी मारणं वेगळं आणि तो अमक्या रंगाचा जन्मला म्हणून मारणं वेगळं. खेळाच्या कर्त्यांनाही हे ठाऊक आहे. त्याच कोशात सुरुवातीला सांगितलंय, की हा दाखला म्हणजे फक्त ठरावीक सुरुवात आहे, खेळ चालवणारा डंजन मास्टर तो बदलू शकतो. २००४ च्या 'एबेरॉन' या खेळविश्वात तर ड्रॅगनच्या रंगावरून त्याचा स्वभाव ठरतच नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. दिवाळीच बघा. नरकासुर हा भूदेवीचा मुलगा, पण नरक चतुर्दशीला आपण त्याच्या वधाचा आनंद साजरा करतो. कारण त्याची करणी. पाडव्याला मात्र आपण बळीराजाची आठवण काढतो. तो जन्मानं असुर, हिरण्यकशिपूच्या वंशातला, पण प्रल्हादाचा नातू. शुक्राचार्यांनी सावध करूनही वामनाला दिलेला शब्द त्यानं मोडला नाही. त्याचं राज्य पुन्हा यावं असं आपण आजही म्हणतो. जन्मावरून माणूस ठरत नाही, हे आपल्या सणातच आहे. फक्त मुलांना ते रांगोळी आणि फराळाच्या पलीकडे कोणी सांगत नाही.

आडनाव आणि रंग बघून अंदाज बांधणारी माणसं आपल्या मुलांना शाळेत भेटतात. आणि आपणही घरी बसून दुसऱ्यांबद्दल तसेच अंदाज बांधतो. या प्रश्नाचा सराव त्यांना कुठे मिळणार? भाषणातून नाही. टेबलावर, हातात फासा असताना, समोर बर्फाच्या गुहेत दात विचकणारं पिल्लू असताना. मारायचं, पळायचं, की त्याच्या भाषेत दोन शब्द बोलून बघायचं?

म्हणून सुचवणं एवढंच, की पुढच्या कार्यक्रमात मंडळानं एक खोली या खेळासाठी द्यावी आणि एखाद्या आजोबांना तिथे बळीची गोष्ट सांगायला बसवावं. एक अट मात्र हवी: पिल्लाशी बोलायचं असेल, तर ड्रॅकॉनिक म्हणजे मराठी!