हा फोटो कोणी काढला?



गेल्या महिन्यात वर्गात युद्धाचा एक जुना फोटो दाखवला. देश कोणता, सैनिक कोण, असे खूप प्रश्न आले. फोटो कोणी काढला, हे मात्र एकानेही विचारले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते सुचले नव्हते. म्हणून आज गेर्डा टारोविषयी लिहीत आहे.

गेर्डा १९१० साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मली. हिटलर सत्तेवर आल्यावर ती पॅरिसला गेली. तेथे तिला आंद्रे फ्रीडमन हा हंगेरियन फोटोग्राफर भेटला. दोघेही परक्या देशात, खिशात पैसे नाहीत. मग त्यांनी एक गंमत केली. 'रॉबर्ट कापा' नावाचा बडा अमेरिकन फोटोग्राफर कल्पनेतूनच उभा केला आणि त्याच्या नावावर फोटो विकू लागले. पुढे ते नाव आंद्रेचेच झाले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा दोघे तिकडे गेले. सुरुवातीला गेर्डाचे फोटोही कापाच्याच नावाने छापले जात.

जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत, माघारीच्या गोंधळात, आपल्याच बाजूच्या रणगाड्याच्या धडकेने ती गेली. १ ऑगस्टला, म्हणजे तिच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले. तरीही पुढची कित्येक वर्षे ती फक्त 'कापाची मैत्रीण' म्हणून उरली. २००७ साली मेक्सिकोहून हरवलेल्या सुमारे ४५०० निगेटिव्ह न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या कापा, गेर्डा आणि त्यांचा मित्र चिम यांच्या होत्या. त्या तपासताना कापाचे समजले जाणारे काही फोटो गेर्डाचे निघाले.

कोणी म्हणेल, फोटो महत्त्वाचा, नावाचे काय एवढे? मला हे पटत नाही. नाव असले की कळते, तेथे कोणीतरी जिवंत माणूस उभा होता, त्याने जे पाहिले ते आपल्याला दाखवले. खोटा फोटो असेल तर जाब कोणाला विचारायचा, हेही नावामुळेच कळते. मात्र फोटोग्राफरचे कौतुक करताना फोटोतल्या जखमी माणसाला विसरू नये. त्याचे नाव तर बहुधा कोणीच लिहून ठेवत नाही.

आता घरचेच पाहा. आपल्या मागच्या अंकात गणेशोत्सवाचे फोटो होते, पण खाली कोणाचेच नाव नव्हते. पुढच्या अंकापासून ते लिहूया. आणि घरच्या आल्बममधल्या जुन्या फोटोंमागेही, आजी-आजोबांना विचारून, आजच लिहून ठेवा.