बोटांच्या खुणांवर मक्ता असावा काय?

अक्षरओळख होण्यापूर्वींच आजचें मूल स्मार्टफोनच्या कांचेवर बोट फिरवावयास शिकतें. बोट वर सरकविलें कीं मजकूर वर जातो. दोन बोटें एकमेकांपासून दूर नेलीं कीं चित्र मोठें होतें. दोनदां टिचकी मारली कीं बारीक अक्षरें जवळ येतात. या खुणा त्यास कोणी पढवीत नाहीं. घरांतील वडील मंडळींचे हात पाहून तें त्या आपोआप उचलतें. अशा या साध्या खुणांवर कोणा एका व्यापारी कंपनीनें वर्षानुवर्षें मालकी सांगावी काय, हा प्रश्न अमेरिका व युरोप येथील न्यायालयांपुढें आला, आणि त्याचा निकाल सर्वत्र एकसारखा लागला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक उद्यां अशीं यंत्रें रचण्याच्या उद्योगांत पडतील. त्यांच्या पालकांच्या हातांत तर तीं आजच आहेत. सबब या प्रश्नाचा विचार येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पेटंट म्हणजे काय तें पाहूं. पेटंट हा राज्यानें संशोधकाशीं केलेला एक करार होय. संशोधकानें आपली युक्ति गुप्त न ठेवतां जगापुढें सविस्तर मांडावी, आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक मुदतीपर्यंत ती दुसऱ्या कोणीं विनापरवाना वापरूं नये, अशी ही देवघेव आहे. आपल्या देशांत ही मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षें आहे. ती संपली कीं युक्ति सर्वांची होते. हा करार न्याय्य आहे व त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु देवघेव म्हटली म्हणजे दोन्ही बाजूंनीं कांहीं तरी द्यावें लागतें. ज्या गोष्टींत गुपित असें कांहींच नाहीं, जी पहिल्याच दिवशीं प्रत्येक पाहणाऱ्यास उघड दिसते, ती कागदावर लिहून देऊन संशोधक जगास नवें काय देतो, हें पाहिलें पाहिजे.

आतां प्रत्यक्ष इतिहासाकडे वळूं. ९ जानेवारी २००७ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं आयफोन जगापुढें आणला, आणि त्यांतील युक्त्यांचीं पेटंटें आम्हीं घेतलीं आहेत हेंही त्याच सभेंत सांगितलें. या पेटंटांपैकीं एक असें होतें कीं, सरकविलेली यादी शेवटास पोंचली असतां ती किंचित् पुढें जाऊन रबराप्रमाणें मागें यावी. दुसरें, एका बोटानें सरकविणें व दोन बोटांनीं मोठें करणें यांतील भेद यंत्रानें ओळखण्याविषयीं होतें. तिसरें टिचकी मारून मजकूर मोठा करण्याचें. या तिहींच्या व यंत्राच्या बाह्य रूपाच्या पेटंटांच्या आधारें ॲपलनें सॅमसंग कंपनीवर फिर्याद केली, आणि २४ ऑगस्ट २०१२ रोजीं कॅलिफोर्नियांतील ज्यूरीनें सुमारें १०५ कोटी डॉलर भरपाई ठरविली. ती रक्कम पुढें बदलत गेली व २०१८ सालीं दोन्ही पक्षांनीं आपसांत तडजोड केली.

याहून बोधप्रद गोष्ट कुलूप उघडण्याच्या खुणेची आहे. पटलावरील चिन्ह बोटानें एका बाजूस ढकललें कीं फोन उघडावा, याचेंही पेटंट ॲपलपाशीं होतें. २०१२ सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें तें रद्द ठरविलें. कारण निओनोड या स्वीडनमधील कंपनीच्या फोनमध्यें बोट सरकवून कुलूप उघडण्याची सोय आयफोनपूर्वींच होती. २०१५ सालीं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेंही तोच मार्ग धरिला. इकडे अमेरिकेंत या व इतर पेटंटांबद्दल ज्यूरीनें २०१४ सालीं सुमारें १२ कोटी डॉलर देवविले. फेब्रुवारी २०१६ मध्यें अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं तो निर्णय फिरविला. आणि ऑक्टोबरांत त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानें तो पुन्हां कायम केला. मौज अशी कीं, एक महिना आधीं, सप्टेंबर २०१६ मध्यें, खुद्द ॲपलनें ती खूण आपल्या फोनमधून काढून टाकली होती! एकच हालचाल लंडनमध्यें सर्वांची व अमेरिकेंत एकाची ठरावी, यावरूनच येथें कांहीं तरी मूळांत चुकत आहे, असा संशय विचारी मनुष्यास येईल.

तें काय चुकत आहे? आमच्या मतें, खूण व यंत्र यांतील भेद पुसला गेला आहे. दाराच्या कडीचें उदाहरण घ्या. एकाद्या कुशल लोहारानें नव्या रचनेचा अडसर तयार केला, तर त्या रचनेचें पेटंट त्यास खुशाल मिळावें. परंतु "हातानें आडवें ढकलून दार उघडणें" या क्रियेचेंच पेटंट त्यानें मागितलें, तर गांवकरी त्यास हंसतील. हात त्यानें निर्माण केला नाहीं आणि ढकलणेंही त्यानें शोधून काढिलें नाहीं. कांचेखालील विजेच्या सूक्ष्म तारा, दोन बोटांचे स्पर्श निरनिराळे ओळखण्याची साधनें, ओल्या हातानेंही न चुकणारी योजना, हीं खरोखर बुद्धीचीं व कष्टाचीं फळें होत. त्यांस संरक्षण असावें. मात्र चिमटा उघडल्याप्रमाणें बोटें पसरणें ही हाताची स्वाभाविक भाषा आहे, आणि भाषेवर मक्ता नसतो.

शिवाय ही भाषा एकट्यानें घडविलेली नाहीं. एकाच वेळीं अनेक स्पर्श ओळखणाऱ्या साधनावर टोरोंटो विद्यापीठांत १९८२ सालीं काम झालें होतें. अमेरिकेंतील मायरन क्रूगर यांनीं त्याच दशकांत, हाताच्या छायाचित्रावरून का होईना, बोटांच्या चिमटीनें आकृति लहानमोठी करून दाखविली होती. अनेकांनीं खणलेल्या विहिरीवर शेवटीं रहाट बसविणारानें आपलें एकट्याचें नांव कोरावें, हें न्यायास धरून नाहीं.

प्रतिपक्षाचें म्हणणेंही आम्ही ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, कोणती खूण सोपी वाटेल हें शोधण्यास पुष्कळ प्रयोग करावे लागतात. दुसऱ्यानें तें फळ फुकट तोडून न्यावें काय? आक्षेप पोकळ नाहीं. रबराप्रमाणें मागें येणारी यादी ही खरोखर सुंदर कल्पना आहे. परंतु ज्यानें ती प्रथम बाजारांत आणली त्यास आरंभींचें गिऱ्हाईक व कीर्ति मिळतेच. त्याच्या यंत्राचें रूप व नांव यांची सहीसही नक्कल करणारास रोखण्यास निराळे कायदे आहेत. आणि आंतील नव्या साधनाचें पेटंट त्यास उघडेंच आहे. इतक्यावरही हालचालीचा मक्ता दिला, तर इनाम संशोधकाचें व दंड मात्र सर्व जनतेचा, असें होईल.

हा दंड काल्पनिक नव्हे. मक्त्याच्या भयानें इतर कंपन्यांस निराळे मार्ग शोधावे लागले. यादीच्या शेवटीं ती मागें येण्याऐवजी कांठाशीं निळा उजेड दाखविण्याची तोड निघाली. तरुणास अशा फरकाचें कांहीं वाटत नाहीं. पण ज्या आजोबांनीं सत्तराव्या वर्षीं मोठ्या चिकाटीनें एका फोनच्या खुणा शिकून घेतल्या, त्यांस फोन बदलतांच नवी बाराखडी गिरवावी लागते. कापऱ्या हाताच्या व अधू दृष्टीच्या मनुष्यांची अडचण तर याहून मोठी. पत्र, पैसा, औषध व आगगाडीचें तिकीट हीं सर्व आज याच कांचेंतून मिळतात. प्रत्येक मोटारीचा ब्रेक निराळ्या ठिकाणीं असता तर रस्त्यांवर काय अनर्थ झाला असता, याची कल्पना करावी.

आपल्या देशाचा १९७० चा पेटंट कायदा या बाबतींत पुष्कळसा सावध आहे. गणिताची रीति, केवळ संगणकाचा कार्यक्रम, मनांत करावयाच्या क्रियेचा नियम यांस तो शोध मानीत नाहीं. तथापि "केवळ" या शब्दाच्या आडून, यंत्राचा नाममात्र उल्लेख करून असे अर्ज येऊं शकतात. म्हणून परीक्षकांनीं एक साधी कसोटी लावावी अशी आमची सूचना आहे: अर्जदार जें मागतो तें नव्या साधनास लागू आहे, कीं कोणत्याही साधनानें केलेल्या त्याच हालचालीस? पहिलें असेल तर द्यावें. दुसरें असेल तर नाकारावें.

विद्यार्थिमित्रांनों, दुसऱ्याच्या श्रमाची चोरी ही चोरीच होय, हें विसरूं नका. पण जें सर्वांचें आहे त्यास कुंपण घालणें हीही एक प्रकारची चोरीच आहे. तुमच्यापैकीं कोणी पुढें नवें यंत्र निर्माण करील, तर त्यानें त्या यंत्राचा हक्क अवश्य मागावा. त्यास लावावयाचा हात मात्र सर्वांस मोकळा ठेवावा.