विश्लेषण : सुपरचार्जरच्या गाडीला तीन इंची पाइप हवाच का? बूस्टचा काटा वर गेला म्हणजे ताकद वाढली का?

पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीजची सी-२०० कॉम्प्रेसर नवी होती तेव्हा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. आज सेकंड हँड बाजारात ती साध्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळू शकते. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, त्यावर बेल्टने फिरणारा सुपरचार्जर आणि २००८च्या मॉडेलमध्ये १८४ अश्वशक्ती. हौशी माणसाचा हात शिवशिवणारच. मग गॅरेजमध्ये दोन गोष्टी हमखास सुचवल्या जातात : लहान पुली लावा आणि मोठा पाइप टाका. पुलीने बूस्ट वाढतो, पाइपने इंजिन ‘मोकळा श्वास’ घेते, असे सांगितले जाते. यातले पहिले अर्धे खरे आहे. दुसरे बहुतेक वेळा वायफळ खर्च आहे.

काटा नेमके काय दाखवतो?

अशा इंजिनावरचा सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलतो. इंजिनाला तेवढी हवा घेता आली नाही की ती मध्येच तुंबते आणि दाब वाढतो. हा दाब म्हणजे बूस्ट. म्हणजेच काटा हवा किती गेली हे सांगत नाही, ती किती अडली हे सांगतो. एक्झॉस्ट मोकळा केला तर अशा गाडीत बूस्टचा आकडा उतरतो आणि ताकद मात्र वाढते. उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तर काटा वर जातो आणि मालक खूश होतो!

पुलीचे गणितही नीट सांगितले जात नाही. १५ टक्के लहान पुली लावली की सुपरचार्जर १५ नव्हे, जवळपास १८ टक्के जास्त वेगाने फिरतो. ०.६ बारचा बूस्ट त्यामुळे साधारण ०.८ बारच्या आसपास जातो. पण तो फिरवायची ताकदही इंजिनाच्याच खिशातून जाते. २०० अश्वशक्तीच्या इंजिनात सुपरचार्जर आधीच १५-१७ अश्वशक्ती खात असतो. पुली बदलल्यावर त्यात आणखी सहा-सात जातात.

खरा शत्रू उष्णता

हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपासारखी. जुन्या रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर १५ अंशांची हवा ०.६ बारला सुमारे ९० अंशांवर जाते. जर्मनीतल्या दिवसासाठी हा हिशोब ठीक. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात बाहेरच ४० अंश असतात. तिथे तोच बूस्ट १२० अंशांची हवा देतो आणि ०.८ बारला तीच हवा १४५ अंशांच्या घरात पोहोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण त्याला वाऱ्याचा झोत लागतो. सिग्नलवर उभी असलेली किंवा खंबाटकी घाटात ट्रकमागे रांगणारी गाडी हा झोत आणणार कुठून?

गरम हवेत ठिणगीनंतर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. संगणक आधी ठिणगी उशिरा टाकून सावरतो, म्हणजे विकत घेतलेली ताकद परत काढून घेतो. तरीही भागले नाही तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. मग इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

भारतात वर्षानुवर्षे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते. आताच्या ई-२० पेट्रोलचा आकडा ९५च्या आसपास आहे आणि इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते. पण त्याला तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. मूळचे इंजेक्टर वाढलेल्या बूस्टमुळे आधीच टोकाला पोहोचलेले असतील तर हा फरक त्यांना झेपत नाही. शिवाय २००८ची गाडी ई-२० साठी बनलेलीच नाही.

मग पाइप किती इंची?

२०० अश्वशक्तीला मिनिटाला साधारण नऊ किलो हवा लागते. इंटरकूलरनंतर, ०.६ बार दाबाला, ही हवा दोन इंची पाइपमधून ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने जाते. अडीच इंचीमधून शंभरच्या थोडी वर, तीन इंचीमधून सत्तरच्या आसपास. वेग ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे गेला की पाइप खरोखर अडवू लागतो. इथे तिन्ही त्याच्या खूप खाली आहेत. एखाद्या काटकोनी वळणावर दोनऐवजी अडीच इंची घेतला तर दाबाची बचत बारच्या शंभराव्या हिश्शाएवढी, अडीचऐवजी तीन घेतला तर त्याच्याही तिसऱ्या भागाएवढी. त्यापेक्षा वळणे कमी आणि गोलाईची ठेवणे, जोडावर आतून पायरी न सोडणे आणि क्लॅम्प घट्ट बसवणे जास्त उपयोगाचे. बंपरमागून पाइप न्यायला जागा किती हा प्रश्न तर वेगळाच.

तीन इंच शोभतो तो फिल्टरच्या बाजूला. तिथे हवा अजून दाबलेली नसते, त्यामुळे तेवढ्याच वजनाची हवा दीडपटीहून थोडी कमी, पण बरीच जास्त जागा घेते. शिवाय तिथे गमावलेला दाब सुपरचार्जर पुढे वाढवून दाखवतो. गंमत म्हणजे चकचकीत पाइप नेमका पुढच्या बाजूला बसवला जातो, कारण बॉनेट उघडल्यावर तो दिसतो. आणि फिल्टर? तो उघडा, तापलेल्या इंजिनाशेजारी. दहा अंश थंड हवा मिळाली तर तीन टक्के जास्त हवा आत जाते, तीही फुकटात.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी मोठा इंटरकूलर, बाहेरची थंड हवा आणि हवा-इंधन प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर. मग इंजेक्टर आणि रीमॅप. पुली शेवटी, तीही दहा टक्क्यांच्या आत. पाइप अडीच इंची पुरे. इंजिनात असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचलेले बरे, कारण नोंदणी पुस्तकातील तपशील बदलणारे फेरफार त्यात अडकतात.

रीमॅपची चाचणी मात्र डिसेंबरच्या पहाटे एक्स्प्रेसवेवर घेऊन चालणार नाही. ती एप्रिल-मेच्या दुपारी, घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून आणि लॅपटॉपवर नोंद घेत व्हायला हवी. त्या नोंदीत ठिणगी वारंवार मागे जाताना दिसली, तर गॅरेजवाल्याने जुनी पुली फेकून दिलेली नसावी.